पैसे तर खाल्ले नाहीत ना, मग चूक काय झाली?

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत एक भांडण झालं. फार मोठं नाही, पण दोन घरांचं हळदीकुंकवाला जाणं-येणं तेव्हापासून बंद आहे. मंडळाचं नाव घेत नाही, इंदूरमधे मराठी मंडळं काही कमी नाहीत. झालं असं की मांडवाचं काम अध्यक्षांच्या मेहुण्याच्या टेंट हाऊसला मिळालं. कोटेशन कुणाकडून मागवलंच नाही, अध्यक्ष म्हणाले घरचाच माणूस आहे, स्वस्तात करून देईल. आणि खरंच स्वस्तात केलं. मी खजिनदार होते, बिल माझ्या हातून गेलंय. नंतर मी माझ्या समाधानासाठी दुसऱ्या दोन टेंटवाल्यांना फोन करून रेट विचारले तर दोघांचे जास्तच निघाले. मांडव गळला नाही, खुर्च्या वेळेवर आल्या, विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी मैदान साफ होतं. तरीही वार्षिक सभेत एका सभासदाने उभं राहून विचारलं की हे काम ठरलं कसं, आणि अध्यक्ष एकदम भडकले, मी एक रुपया खाल्ला असेल तर सिद्ध करा म्हणाले, आणि मग जे व्हायचं ते झालं.

घरी येताना माझा भाचा माझ्यासोबत होता, इंजिनियरिंगच्या थर्ड इयरला आहे. तो म्हणाला, "आत्या, काकांनी पैसे तर खाल्ले नाहीत ना, उलट मंडळाचे वाचवले, मग चूक काय झाली?"

त्या रात्री मला त्याला नीट समजावता आलं नाही. पण हा प्रश्न फक्त आमच्या मंडळाचा नाहीये, नगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक पुढाऱ्याच्या बाबतीत आपण याच प्रश्नावर अडकतो. खाल्ले का? नाही खाल्ले? मग सोडा. म्हणून हे सगळं सावकाश लिहून काढतेय.

याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात, पेपरवाले हितसंबंधांचा संघर्ष लिहितात, आणि ते वाचून वाटतं काहीतरी वकिली प्रकरण असेल. गोष्ट साधी आहे. ज्या खुर्चीवर बसून तुम्ही दुसऱ्यांच्या वतीने निर्णय घेता, त्याच निर्णयात तुमचा स्वतःचा नाहीतर तुमच्या घरच्यांचा फायदा-तोटा अडकलेला असतो, बस एवढंच. आणि इथेच बहुतेक लोकांची गल्लत होते, कारण ही एक परिस्थिती आहे, गुन्हा नाहीये. आपण म्हणतो ना कुंपणानेच शेत खाल्लं, ती पुढची पायरी, ती चोरी. इथे अजून कुणी काही खाल्लेलं नाही, फक्त कुंपण ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच गुरं बाहेर उभी आहेत. अशा वेळी कुणी म्हटलं की बाबा कुंपणाची किल्ली आज दुसऱ्याकडे दे, तर त्याला चोर म्हटलं असं होत नाही. आमच्या अध्यक्षांना नेमकं तेच वाटलं, त्यांना वाटलं चोर म्हणतायत.

पण काम स्वस्त झालं, चांगलं झालं, तर नुकसान कुणाचं? आहे नुकसान. पहिलं म्हणजे रेट बरोबर होता हे आम्हाला कधी कळलं, मी नंतर फोन केले तेव्हा. काम देताना कुणालाच माहीत नव्हतं, अध्यक्षांनासुद्धा नाही. दुसरं, त्या बाकीच्या टेंटवाल्यांना रेट द्यायची संधीच मिळाली नाही, आणि एकदा बाजारात कळलं ना की या मंडळाचं काम ठरलेलंच असतं, की पुढच्या वर्षी कुणी येत नाही, मग घरच्या माणसाने रेट वाढवला तरी तुलना करायला कुणी उरत नाही. तिसरं मला सगळ्यात खटकतं, कारण ते माझ्यावरच आलं असतं. समजा मांडव गळला असता. बिल अडवायचं काम खजिनदाराचं, म्हणजे माझं. अध्यक्षांच्या मेहुण्याचं बिल मी अडवलं असतं का? अडवलंही असतं कदाचित, पण दोन रात्री झोप लागली नसती, आणि माझ्या जागी एखादा नवीन पोरगा असता तर त्याने गुपचूप सही केली असती. म्हणजे अध्यक्षांनी कुणाला काही सांगितलं नाही, दबाव टाकला नाही, तरी दबाव तयार झालाच.

आणि माणसाचं मन बघा. बाप मुलाचा पेपर तपासायला बसला तर एक तर हात सैल सोडतो, नाहीतर लोक काय म्हणतील म्हणून दोन मार्क जास्तच कापतो. दोन्हीकडे पेपर बरोबर तपासला जात नाही, आणि बापाला मनापासून वाटत असतं की मी अगदी बरोबर तपासला. म्हणून मी प्रामाणिक आहे हे उत्तर इथे चालत नाही. असाल हो, पण प्रश्न तो नाहीये.

मी ३१ वर्षं बँकेत काढली. तिथे हे कुणी आम्हाला नीतिशास्त्र म्हणून शिकवलं नाही, सवय म्हणूनच लागलं. ब्रँचमधे नात्यातल्या माणसाचा लोनचा अर्ज आला की फाईल आपल्या टेबलावरून उचलायची, वर लिहून द्यायचं की हा माझा अमुक लागतो, आणि दुसऱ्या ऑफिसरकडे नाहीतर वरच्या ऑफिसला पाठवायची. माझ्या सख्ख्या दिराच्या वेळी मी तेच केलं, त्याला महिनाभर जास्त लागला, तो रागावला, पण नंतर कुणाची मान वर करून बोलायची हिंमत झाली नाही, ना त्याच्याबद्दल ना माझ्याबद्दल. आणि वरच्या लोकांसाठी तर कायदाच आहे, बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट १९४९ चं कलम २०, की बँकेने आपल्या डायरेक्टरला किंवा तो ज्या फर्ममधे भागीदार आहे त्या फर्मला कर्ज द्यायचं नाही. माणूस चांगला असो, तारण भक्कम असो, कायदा ते विचारतच नाही.

आता आपल्या इंदूरची गोष्ट, कारण मला वाटतं हे आपल्या लोकांना बाहेरून शिकायची गरज नाही. खासगी हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, खासगी शाळा, खासगी गाडी, खासगी गोष्ट. पण होळकरांच्या राज्यात खासगी म्हणजे एक वेगळी तिजोरी होती. १७३४ मधे बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने जहागीर दिली, तिचं उत्पन्न राणीचं स्वतःचं, ती खासगी. आणि राज्याचा महसूल, ज्यातून फौज, कारभार, पगार चालायचे, ती दौलत. दोन वह्या, दोन तिजोऱ्या. गौतमाबाईंनंतर खासगी अहिल्याबाईंकडे आली, १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य केलं, आणि काशीपासून रामेश्वरपर्यंत देशभर जे घाट, देवळं, धर्मशाळा, विहिरी त्यांच्या नावाने उभ्या आहेत तो दानधर्म त्यांनी खासगीतून केला असं इतिहास सांगतो. म्हणजे पुण्य माझं तर पैसाही माझाच पाहिजे, रयतेच्या पैशाने मी पुण्य कमवायचं नाही. हुकमांवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, श्री शंकर असं असायचं, राज्य शंकराचं आणि आपण फक्त सांभाळणारे.

एक गोष्ट घराघरात सांगतात. राघोबादादांनी पैसे मागितले तेव्हा अहिल्याबाई म्हणाल्या की या पैशावर मी तुळशीपत्र ठेवलंय, तुम्ही ब्राह्मण आहात, दान म्हणून पाणी सोडून देते, घ्या, आणि राघोबांनी अर्थातच ते घेतलं नाही. शब्द असेच बोलले गेले का ते सोडून द्या, पण ही गोष्ट आपल्या आज्यांनी लक्षात ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पैसा कुठल्या कामाचा हे एकदा ठरलं की मग समोर कितीही मोठा माणूस असला तरी त्याचं काम बदलत नाही.

पण एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर आपण नुसते हार घालत बसू. ती दोन तिजोऱ्यांमधली भिंत एका बाईच्या स्वभावावर उभी होती. तिच्यावर ऑडिट नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. तशी माणसं रोज जन्माला येत नाहीत. त्याच खासगीच्या देवळांची, घाटांची व्यवस्था बघायला १९६२ मधे ट्रस्ट झाला, पुढे मालमत्तांच्या विक्रीवरून वाद कोर्टात गेला, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा ट्रस्ट मध्य प्रदेशच्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली रजिस्टर झाला पाहिजे. म्हणजे अहिल्याबाईंच्या नावाच्या ट्रस्टलाही सरकारी रजिस्टरमधे यावंच लागतं. त्यात त्यांचा अपमान नाही, मला तर वाटतं त्यांनी स्वतःहून वह्या पुढे केल्या असत्या.

दुसरं उदाहरण क्रिकेटचं, कारण भाच्याला ते पटकन कळलं आणि आपलं इंदूर तर सी. के. नायडूंचं, होळकर टीमचं गाव. २००८ मधे आयपीएल सुरू झालं. क्रिकेट बोर्डाचा नियम होता, ६.२.४, की बोर्डाच्या पदाधिकाऱ्याचा बोर्डाच्या सामन्यांमधे धंद्याचा संबंध नको. त्याच वर्षी नियम बदलला आणि आयपीएलला त्यातून सूट दिली. बोर्डाचे त्यावेळचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन ज्या इंडिया सिमेंट्सचे प्रमुख होते त्या कंपनीकडे चेन्नईची टीम होती, आणि २०११ मधे ते बोर्डाचे अध्यक्ष झाले. म्हणजे नियम करणारा तोच, टीमवाला तोच, आणि टीमने काही गडबड केली तर चौकशी बसवणाराही तोच. २०१३ च्या मे महिन्यात स्पॉट फिक्सिंग आणि सट्टेबाजीचं प्रकरण फुटलं, त्यात त्यांच्या जावयाला अटक झाली, आणि सगळ्यांना एकदम दिसलं की अडचण कुठे आहे. सासऱ्याच्या बोर्डाने जावयाची चौकशी करायची! ३१ मे २०१३ ला बोर्डाच्या सचिवांनी, म्हणजे आपल्या इंदूरच्या संजय जगदाळेंनी, आणि खजिनदार अजय शिर्के यांनी राजीनामे दिले. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, आपल्या गावचा माणूस म्हणून थोडं जास्तच.

मग २२ जानेवारी २०१५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तो नीट समजून घ्या, कारण आमच्या मंडळाच्या भांडणाचं उत्तर त्यातच आहे. श्रीनिवासन यांनी प्रकरण दाबलं हा आरोप सिद्ध झाला नाही, असं कोर्टाने म्हटलं. तरीही तो बदललेला नियम कोर्टाने रद्द केला, आणि ज्याचा बोर्डाच्या सामन्यांमधे धंद्याचा संबंध आहे त्याला बोर्डाची निवडणूक लढवता येणार नाही असं सांगितलं. आरोप सिद्ध नाही आणि तरी खुर्ची नाही. भाचा म्हणाला हा अन्याय नाही का, मी म्हटलं अरे शिक्षा झालीच नाही त्यांना, फक्त दोनातलं एक निवडा म्हटलं. टीम ठेवा नाहीतर बोर्ड ठेवा.

मग करायचं काय? जगभर फिरून या, उपाय तेच सापडतात. आधी सांगून टाका. सांगून भागत नसेल तर त्या एका निर्णयापुरते बाजूला व्हा. आणि रोज रोजच बाजूला व्हावं लागत असेल तर दोन्हीतलं एक सोडा.

सांगून टाकण्याचं उदाहरण राज्यसभेत आहे. तिथे १९९७ मधे एथिक्स कमिटी बसली, आणि खासदारांच्या हितसंबंधांचं एक रजिस्टर असतं, कुठल्या कंपनीत पगारी डायरेक्टर आहात, कुठे कंट्रोल चालेल इतके शेअर आहेत, कुठे पैसे घेऊन सल्ला देता, वकिलीसारखा काही व्यवसाय चालू आहे का, सगळं लिहून द्यायचं. निवडणुकीचा फॉर्म भरताना उमेदवार स्वतःची आणि बायको-नवऱ्याची मालमत्ता, कर्ज, चालू केसेस अ‍ॅफिडेव्हिटवर देतो, ते सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आलं, आणि निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर ते कुणीही उघडून वाचू शकतो. आपण वाचत नाही. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी मत द्यायला जायच्या आधी आपल्या वॉर्डाच्या, आपल्या सीटच्या उमेदवारांची ती पानं अर्धा तास बसून बघा, पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं शेजारी शेजारी ठेवून बघा.

बाजूला होण्याचं उदाहरण जजचं. १९९७ मधेच सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी स्वतःसाठी मूल्यांची एक यादी मान्य केली, त्यात आहे की ज्या कंपनीत जजचे शेअर आहेत तिची केस त्याने ऐकायची नाही, ऐकायचीच असेल तर आधी सांगायचं आणि कुणाची हरकत नसेल तरच. शेअर पाच असोत की पाच हजार.

भेटवस्तूंचंही असंच आहे, त्यावर फार बोलत नाही. परदेशात मंत्र्यांना जी भेट मिळते ती ३० दिवसांत तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तू ठेवायच्या सरकारी भांडारात, जमा करावी लागते, कारण भेट माणसाला नसते, खुर्चीला असते. खुर्ची सुटल्यावर त्या घरी दिवाळीचे डबे यायचे थांबतात का ते बघा, म्हणजे कळेल डबे कुणाला येत होते.

अजून एक गोष्ट राहते आणि ती मला जास्त अवघड वाटते. मी काही केलंच नाही, माझ्या खालच्याने केलं, मग मी का जबाबदार? १९५७ मधे एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, सव्वा कोटीच्या आसपास रक्कम, तेव्हाचे सव्वा कोटी, आणि पैसा कुणाचा तर हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न काढला, स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध, आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचं एक माणसाचं कमिशन बसलं. चौकशी उघड्यावर, लोकांसमोर झाली आणि काही आठवड्यांत संपलीसुद्धा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत होते की निर्णय माझ्या सेक्रेटरीने घेतला. छागलांनी म्हटलं की सेक्रेटरीने केलेल्या कामाची जबाबदारी घटनेप्रमाणे मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मधे कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. त्यांनी पैसे खाल्ले असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. त्याच्या सव्वा वर्ष आधी अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रीपद सोडलं, रूळ त्यांनी उखडले नव्हते हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष कोर्टात सिद्ध करावा लागतो, जबाबदारी खुर्चीवर बसतानाच घेतलेली असते. आज कुणाला राजीनामा मागितला की उत्तर येतं, कोर्टाने दोषी ठरवलंय का? म्हणजे पुढाऱ्याकडून आपली अपेक्षा काय, तर तो जेलमधे नसावा. एवढीच? शाळेच्या शिपायाकडूनही आपण यापेक्षा जास्त मागतो.

आता खरा प्रश्न, जो आमच्या मंडळातल्या एका आजोबांनी मला विचारला आणि तो मी उडवून लावणार नाही. ते म्हणाले, "ताई, इंदूरमधे आपली मराठी माणसं मुठीत मावतील एवढी, त्यात प्रत्येकजण कुणाचा तरी व्याही, कुणाचा साडू, मग काय मांडव घालायला भोपाळहून माणूस आणायचा?" बरोबर आहे त्यांचं. आणि सगळ्या नातेवाईकांना बाद केलं तर काम करायला कुणी उरणार नाही, वर ज्याच्या घरात टेंटचा धंदा आहे त्याने अध्यक्ष व्हायचंच नाही असंही होईल, जे चूक आहे. पण नातं असू नये असं कुणी म्हणतच नाहीये. नातं टेबलावर ठेवा, एवढंच. माझा मेहुणा रेट देणार आहे असं मीटिंगच्या आधी सांगा, वहीत लिहून घ्या, आणि रेट उघडताना तिथे बसू नका. याला पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. लागतो तो थोडा संकोच गिळायचा धीर, उभं राहून सांगणाऱ्याला आणि समोर बसून ऐकणाऱ्यांनाही, कारण आपल्यात असं कुणी बोललं की लगेच चार जण म्हणतात अहो बसा हो, आपण काय परके आहोत का. हे बसा हो म्हणणं आपणच बंद केलं पाहिजे.

या वर्षी जुलैमधे कार्यकारिणीची मीटिंग होती. अध्यक्ष तेच आहेत. मी आधी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले होते, पहिल्यांदा त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, दुसऱ्यांदा वहिनींनी पोहे केले आणि आम्ही दीड तास बोललो. मीटिंगमधे त्यांनी उभं राहून सांगितलं की तीन कोटेशन आलीत, त्यातलं एक माझ्या मेहुण्याचं आहे, आणि स्वतःची खुर्ची मागे सरकवून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. दार उघडंच होतं, ते पेपर वाचताना दिसत होते. आम्ही पाकिटं फोडली, तिघांचे रेट मोठ्याने वाचले, वहीत लिहिले, सगळ्यांनी सह्या केल्या. काम पुन्हा मेहुण्यालाच मिळालं, त्याचा रेट बाराशे रुपयांनी कमी होता. मागच्या वर्षी ज्या सभासदाने प्रश्न विचारला होता तेच उठून अध्यक्षांना आत बोलवायला गेले.